हमाली आणि नकाशा

लोंढ्याहून पुण्याला जायचे म्हणजे मिरजेला गाडी बदलायची, हे आमच्या लहानपणी गृहीतच होते. इकडून मिरजेपर्यंत मीटरगेज, तिथून पुढे ब्रॉडगेज. एकीकडे रुळांतले अंतर एक मीटर, दुसरीकडे साडेपाच फूट. इकडचा डबा तिकडे जाणार कसा? माणसे आपल्या पायांनी पलीकडच्या फलाटावर जात. ट्रंका, वळकट्या, फणस आणि एखादे वेळी शिलाई मशीन हमालाच्या डोक्यावरून जाई. मालगाडीतला मालही असाच, या वॅगनमधून त्या वॅगनमध्ये, पाठीवरून. अण्णा लोंढ्याच्या मालधक्क्यावर कारकून होते, त्यामुळे ‘ट्रान्सशिपमेंट’ हा शब्द मला ‘ट्रेन’चे स्पेलिंग येण्याआधी ठाऊक होता. वाटेत एखादे पोते फुटले की दोन्हीकडचे कागद रंगत आणि अण्णांचे जेवण गार होई.

1992 मध्ये रेल्वेने ‘युनिगेज’ची योजना आणली आणि त्या दशकात आमचा मार्गही रुंद झाला. त्यासाठी गाड्या बंद ठेवल्या, रूळ उखडले, स्लीपर बदलले, पूल आणि फलाट नव्याने बेतले. आम्ही तोवर बसमधून उलट्या करत प्रवास केला. काम झाल्यावर सगळे खूश. फक्त अण्णा एका संध्याकाळी ओसरीवर बसून म्हणाले, “एवढ्या पैशात किती वर्षं हमाल पोसले असते, त्याचा हिशेब कुणी केला असेल काय रे?” हिशेब झालेला असणारच, आणि रेल्वेच्या बाबतीत तो रुंदीकरणाच्याच बाजूने लागतो, कारण एकदा टाकलेल्या रुळांवर पिढ्यान्‌पिढ्या गाड्या धावतात. पण समजा, तो मार्ग एकाच मालगाडीसाठी रुंद केला असता आणि ती गेल्यावर पुन्हा उखडला असता, तर?

हे पुस्तक त्या ‘तर’बद्दल आहे. रेल्वेचे नाही; संगणकाच्या मेमरीचे.

एखाद्या प्रोग्रामला फाइलमधला मजकूर हवा असतो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, तो डिस्कवरून आणून आधी स्वतःच्या ताब्यातल्या जागेत ठेवतो. या जागेला पेज कॅश म्हणतात. तिथून तो प्रोग्रामच्या हाती द्यायचे दोन रस्ते आहेत. पहिला ‘रीड’चा: प्रोग्रामने दाखवलेल्या जागी कर्नल मजकुराची नक्कल करून ठेवतो. ही सरळसरळ हमाली. दुसरा रस्ता ‘एममॅप’चा. यात मजकूर जागचा हलत नाही. कर्नल प्रोग्रामच्या पत्त्यांच्या नकाशात नोंद करतो की अमुक पत्त्यावर गेलास तर पेज कॅशमधले हे पान तुला दिसेल. पोते उचलायचे नाही, रस्ताच त्याच्या दारापर्यंत न्यायचा. (उपमा इथे थोडी लंगडी पडते. हमालाने पोते नेले की मागे जागा रिकामी होते. नक्कल केली की मूळ प्रत जागीच राहते आणि मेमरी दोनदा अडकते. एममॅपच्या बाजूचा हा एक मुद्दा आत्ताच मान्य करून टाकतो.)

ऐकताना दुसरा रस्ता इतका शहाणपणाचा वाटतो की पहिला कुणी का धरावा, असे वाटते. मलाही वाटले होते. पुण्यात नोकरीला लागून चार-पाच वर्षे झाली होती. लॉगच्या मोठमोठ्या फाइली चाळून त्यांची सूची करणारा एक प्रोग्राम माझ्याकडे आला. आत जुन्या पद्धतीने रीड, बफर, पुन्हा रीड. मी दोन दिवस बसून ते सगळे काढले, प्रत्येक फाइल एममॅप केली, काम आठ थ्रेडना वाटून दिले आणि ‘नक्कल शून्य’ असा शेरा मारून कोड पुढे पाठवला. जे काम चहा होईपर्यंत संपत असे, ते आता जेवून आले तरी चालूच. आठही थ्रेड ‘व्यस्त’ दिसत होते, पण माझ्या प्रोग्रामपेक्षा जास्त वेळ कर्नलमध्येच जात होता. शेजारच्या टेबलावरचे एक ज्येष्ठ सहकारी खुर्ची सरकवत आले, पडद्याकडे पाहिले आणि विचारले, “एक पान किती वेळा वाचतोस?” एकदाच. “मग त्याच्यासाठी रस्ता कशाला बांधलास?”

त्या प्रश्नाचे धड उत्तर द्यायला मला पुढची काही वर्षे लागली. ते उत्तर म्हणजे ही प्रकरणे.

आधी नकाशा म्हणजे काय, ते. प्रोग्राम जो पत्ता वापरतो तो खरा पत्ता नसतो. मेमरीचे 4 केबीचे एकेक पान धरले जाते, आणि प्रोग्रामचे कुठले पान खऱ्या मेमरीत कुठे आहे, याची नोंद पेज टेबलमध्ये असते. ही युक्ती पहिल्यांदा यंत्रात उतरली ती मँचेस्टर विद्यापीठाच्या ‘अ‍ॅटलस’ संगणकात, 1962 मध्ये. तेव्हा हेतू वेगळा होता: अपुरी मेमरी आणि तिच्यामागचे फिरते ड्रम मिळून एकच मोठी मेमरी असल्याचा भास प्रोग्राम लिहिणाऱ्याला व्हावा. आपल्याकडे याच्या उलट उदाहरण आहे आणि ते मला फार आवडते. पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये ‘परम 8000’ हा महासंगणक उभा केला, त्यात ट्रान्सप्युटर चिपा होत्या, आणि त्या चिपांत पत्त्यांचे भाषांतर करणारा भागच नव्हता. पत्ता म्हणजे पत्ता. नकाशा नाही, त्यामुळे नकाशाचा खर्चही नाही, आणि एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या अंगणात पाय टाकला तर अडवणारेही कुणी नाही. गणिते सोडवणाऱ्या यंत्राला ते परवडते. ज्या यंत्रावर बँकेचे खाते आणि पोराचा गेम शेजारी शेजारी चालतात, त्याला नाही.

आता भाषांतराचा खर्च. आजच्या नेहमीच्या 64 बिटी प्रोसेसरवर पेज टेबल चार पायऱ्यांचे असते. पत्त्याचे नऊ-नऊ बिट घेऊन एकामागून एक चार तक्ते उघडायचे, आणि शेवटचे बारा बिट पानाच्या आतली जागा सांगतात; असे 48 बिट, म्हणजे 256 टेराबाइट. एवढेही अपुरे पडू लागले म्हणून 2017 मध्ये लिनक्सच्या 4.14 आवृत्तीत पाचव्या पायरीची सोय आली. म्हणजे मेमरीतला एक शब्द वाचण्याआधी मेमरीतच चार फेऱ्या. हे प्रत्येक वेळी केले तर यंत्र रांगत चालेल. म्हणून प्रोसेसर नुकतेच लागलेले पत्ते स्वतःजवळ तोंडपाठ ठेवतो. त्या पाठांतराच्या जागेला टीएलबी म्हणतात.

टीएलबी मला समजला तो लोंढ्याच्या तिकीट खिडकीवरून. आमच्या खिडकीवरच्या बाबूंना बेळगाव, हुबळी, मिरज, वास्को अशी रोजची भाडी पाठ होती. तुम्ही गावाचे नाव उच्चारेपर्यंत पुठ्ठ्याचे तिकीट यंत्रात दाबले जाऊन ‘खट्ट’ असा आवाज आलेला असे. पण कुणी एखाद्या आडगावाचे तिकीट मागितले की चष्मा चढे, भाड्याचे जाडजूड पुस्तक निघे, बोट ओळींवरून सरके, आणि मागची रांग कुरकुरू लागे. बाबूंच्या डोक्यात गावे मोजकीच मावत. टीएलबीचेही तसेच. इंटेलच्या स्कायलेक पिढीच्या प्रोसेसरमध्ये दुसऱ्या पातळीच्या टीएलबीत 1,536 नोंदी. पान 4 केबीचे धरले तर या सगळ्या पाठांतराची पोच 6 एमबी. ज्या यंत्रात 64 जीबी मेमरी आहे, तिथे 6 एमबी पाठ! पान 2 एमबीचे केले, तर तेवढ्याच नोंदींची पोच 3 जीबीपर्यंत जाते. मोठ्या पानांचे आकर्षण एवढ्या साध्या गुणाकारात आहे.

पण भाडे बदलले तर? रेल्वे बजेटनंतर नवा तक्ता येई. तो कपाटात ठेवून भागत नाही. खिडकीवरच्या प्रत्येकाला सांगावे लागते की पाठ केलेले विसरा. एकच बाबू असेल तर ओरडून सांगता येते. बत्तीस खिडक्या असतील, तर प्रत्येकाचे काम थांबवून, त्याने ‘विसरलो’ म्हणेपर्यंत खोळंबून राहायचे. कर्नल नेमके हेच करतो. एखादे मॅपिंग काढले की ज्या ज्या कोअरवर ती प्रोसेस चालू आहे, त्या प्रत्येकाला इंटरप्ट पाठवून जुनी नोंद पुसायला लावतो आणि उत्तरांची वाट पाहतो. याला ‘टीएलबी शूटडाउन’ असे मारामारीच्या सिनेमाला शोभेल असे नाव आहे. माझे आठ थ्रेड एकेक फाइल संपवून तिचे मॅपिंग काढत होते, आणि दर वेळी उरलेल्या सातांचे काम अडत होते. रीडमध्ये हे होत नाही. तिथला बफर तोच, त्याचा पत्ता तोच, नकाशाला हात लागत नाही. बफर आटोपशीर असेल तर तो प्रोसेसरच्या कॅशमध्ये गरम राहतो आणि नक्कल झपाट्याने होते.

दुसरा खर्च पेज फॉल्टचा. एममॅप केल्या क्षणी कर्नल काही सगळी पाने जोडून देत नाही. तो ‘बघू, मागितलेस की देऊ’ अशा वृत्तीचा. प्रोग्रामने पानाला पहिल्यांदा हात लावला की प्रोसेसर अडतो, कर्नल जागा होतो, पान शोधतो, नोंद करतो, परत पाठवतो. पान आधीच पेज कॅशमध्ये असले, डिस्क हलावी लागली नाही, तरी या फेरीला साधारण अर्धा मायक्रोसेकंद किंवा जास्त जातो. उलट 4 केबीचा मजकूर प्रोसेसरजवळच्या कॅशमध्ये असेल तर तो उचलून ठेवायला त्याहून बराच कमी वेळ पुरतो. 1 जीबीच्या फाइलची पाने होतात 2,62,144. 2014 च्या 3.15 आवृत्तीपासून लिनक्स एका फॉल्टमध्ये आजूबाजूची, पेज कॅशमध्ये तयार असलेली मिळून सोळा पाने जोडून देऊ लागला. तरी फॉल्ट होतात 16,384. तीच फाइल 1 एमबीच्या बफरने रीड केली तर कर्नलकडे फेऱ्या 1,024. लिनक्सचा कर्ता लिनस टॉरवाल्ड्स हे 2000 सालापासून आपल्या नेहमीच्या फटकळ भाषेत सांगत आला आहे: नक्कल टाळायला लोक नकाशाशी खेळ करतात, पण तो खेळ फुकट नसतो, आणि तेच मॅपिंग पुन्हा पुन्हा वापरले जाणार असेल तरच खर्च वसूल होतो. त्याचे म्हणणे मला तेव्हा कुणी दाखवले असते तर माझे दोन दिवस वाचले असते. किंवा नसते, त्या वयात मी ते वाचून ‘जुनी माणसे’ म्हणून सोडूनही दिले असते.

कर्नलमध्ये शिरण्याच्या खर्चाबद्दल बोलताना आमच्या भागातल्या माणसाला कॅसलरॉक आठवल्याशिवाय राहत नाही. लोंढ्याहून गोव्याकडे निघालेली गाडी घाटाच्या तोंडाशी कॅसलरॉकला थांबे. 1961 पर्यंत पलीकडे पोर्तुगीज अंमल, म्हणून इकडच्या अंगाला आपले कस्टम, घाट उतरल्यावर कुळ्याला त्यांचे. सामान उघडा, कागद दाखवा, बंद करा. उतरल्यावर पुन्हा उघडा. आजोबा सांगायचे, गाडी चालते कमी आणि उभी राहते जास्त. प्रोग्राम आणि कर्नल यांच्यामध्ये अशीच हद्द आहे. रीड असो की पेज फॉल्ट, ती ओलांडावी लागते. पुष्कळ वर्षे ही तपासणी तशी सौम्य होती: कर्नलचा नकाशा प्रत्येक प्रोसेसच्या नकाशातच चिकटवलेला असे, फक्त त्यावर ‘हात लावू नये’ असा शिक्का. ओलांडताना नकाशा बदलावा लागत नसे. जानेवारी 2018 मध्ये ‘मेल्टडाउन’ जाहीर झाले आणि कळले की इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरवर तो शिक्का पुरेसा नाही. आगाऊ अंदाजाने काम उरकण्याच्या प्रोसेसरच्या सवयीचा फायदा घेऊन कर्नलच्या मेमरीत डोकावता येते. उपाय म्हणून लिनक्सने दोन नकाशे वेगळे केले. आता अशा यंत्रांवर प्रत्येक येण्याजाण्याला नकाशा बदलतो. टीएलबीतल्या नोंदींवर ‘ही कुणाची’ असा खुणेचा आकडा ठेवायची सोय ज्या प्रोसेसरमध्ये आहे तिथे सगळे पाठांतर पुसावे लागत नाही, म्हणून निभावले. नसती तर 2018 चा जानेवारी आणखी कडू झाला असता. सांगायचा मुद्दा, दहा वर्षांपूर्वी मोजलेला हिशेब आजच्या यंत्राला तसाच लागू होतो असे नाही.

तिसरी गोष्ट कुलपाची. आमचा मार्ग एकेरी होता. एका वेळी एकाच गाडीला लाईन क्लिअर. प्रोसेसच्या नकाशावर लिनक्समध्ये असेच एक कुलूप आहे. मॅपिंग वाढवायचे, काढायचे, तर ते एकट्याने धरावे लागते; फॉल्ट सोडवणारेही ते धरतात, पण वाचणाऱ्यांच्या रांगेतून, एकमेकांना चालवून घेत. एका थ्रेडने नकाशा बदलायला घेतला की फॉल्टवाले सगळे सिग्नलपाशी उभे. याचे नाव पूर्वी ‘एममॅप सेम’, 2020 पासून ‘एममॅप लॉक’. नाव बदलल्याने गर्दी हटली नाही. 2022 च्या 6.1 आवृत्तीत मॅपिंगच्या नोंदी ठेवायची रचना बदलून ‘मेपल ट्री’ आणली, आणि 2023 च्या 6.4 पासून सबंध नकाशाऐवजी त्यातल्या एकेका तुकड्याला वेगळे कुलूप लावायला सुरुवात झाली. मार्ग दुहेरी करण्याचे काम म्हणा. टप्प्याटप्प्याने चालले आहे.

एवढे वाचून कुणाला वाटेल की हा माणूस एममॅपवर डूख धरून आहे. तसे नाही. तुम्ही आत्ता लिनक्सवर एखादी खिडकी उघडून ‘बेळगाव’ असे टाइप केलेत, तर पडद्यावर उमटणारा ‘ळ’ बहुधा एममॅपच्या मेहरबानीने आलेला असतो. देवनागरी फॉन्ट म्हणजे नुसती पन्नास अक्षरे नव्हेत. जोडाक्षरे, अर्धी रूपे, रफार, वेलांट्यांची निरनिराळी मापे, असा शेकडो आकृत्यांचा संसार. रेड हॅटने मोकळ्या परवान्याने दिलेला ‘लोहित देवनागरी’ घ्या. (लोहित म्हणजे तांबडा, कंपनीच्या टोपीचा रंग नावात उतरला आहे.) अक्षरे काढणारे फ्रीटाइप हे सॉफ्टवेअर युनिक्स यंत्रांवर फॉन्टची फाइल मॅप करते. फाइलभर वाचत बसत नाही. ‘ळ’ची आकृती ज्या पानावर आहे ते पान हाताला लागले की तेवढेच जोडले जाते. दुसऱ्या प्रोग्रामने तोच फॉन्ट उघडला तर त्याच्या नकाशातही तेच पान. मेमरीत प्रत एकच. फाइल लहान, वापर वारंवार, क्रम कसाही, वाटेकरी अनेक, आणि लिहायचे काही नाही. एममॅपला याहून चांगले सासर मिळणार नाही. यंत्रातल्या प्रत्येक प्रोग्रामला लागणारी सी भाषेची लायब्ररी याच रीतीने सगळ्यांत वाटली जाते. ती जर प्रत्येकाने रीड करून आपापल्या घरी नेली असती, तर मेमरीत त्याच मजकुराच्या शेकडो प्रती पडल्या असत्या.

डेटाबेसवाल्यांत मात्र या प्रश्नावर अजून भांडण आहे आणि मी दोन्ही पंगतींना जेवलेला आहे. मायकेल स्टोनब्रेकरने 1981 मध्येच लिहिले होते की ऑपरेटिंग सिस्टिमने आपल्या समजुतीने केलेली सोय डेटाबेसच्या कामी येत नाही. पुढे मोंगोडीबी या डेटाबेसने सुरुवातीची साठवण एममॅपवर उभारली, 3.2 आवृत्तीत नव्या इंजिनाला पहिला मान दिला आणि 4.2 मध्ये जुने काढूनच टाकले. 2022 मध्ये क्रॉटी, लाइस आणि पाव्लो यांनी डेटाबेससाठी एममॅप का नको, याचा निबंधच लिहिला. त्यांची तक्रार नुसत्या वेगाची नाही. मॅप केलेल्या पानावर तुम्ही लिहिलेत की ते डिस्कवर कधी जाईल हे कर्नल ठरवतो. व्यवहार पुरा होण्याआधीही जाऊ शकते. डिस्क बिघडली तर रीड सरळ ‘जमले नाही’ असे उत्तर देतो. एममॅपमध्ये तुम्ही निरागसपणे एक बाइट वाचायला जाता आणि सिग्नल येऊन प्रोग्राम आडवा होतो. आणि मेमरी अपुरी पडू लागली की जुनी पाने काढण्याचे काम, टीएलबीचे शूटडाउन आणि पेज टेबलवरची रेटारेटी हे तिन्ही एकाच वेळी अंगावर येते. दुसऱ्या बाजूला हॉवर्ड चूचा एलएमडीबी हा डेटाबेस आहे. तो एममॅपवरच उभा आहे, छान चालतो, पण त्याने आपली शिस्त तशी घालून घेतली आहे: एका वेळी लिहिणारा एकच, जुने पान जागच्या जागी खोडायचे नाही, नवे लिहायचे. पाचव्या प्रकरणात या दोघांना समोरासमोर बसवले आहे. निकाल मी दिलेला नाही. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण तो कल आहे एवढेच.

मोठ्या पानांचा गुणाकार वर केला. त्याची वजाबाकी इथे. 2011 च्या 2.6.38 पासून लिनक्स स्वतःहून 2 एमबीची पाने जुळवू लागला. ऐकायला फुकटचा लाभ. आता रेडिससारखा प्रोग्राम घ्या. तो आपल्या मेमरीचे चित्र डिस्कवर उतरवण्यासाठी फोर्क करून आपली जुळी प्रोसेस काढतो. दोघांची पाने सामाईक. जो लिहील त्याला त्या वेळी वेगळी प्रत. पान 4 केबीचे असताना एक आकडा बदलला तर 4 केबीची नक्कल. पान 2 एमबीचे असेल तर त्याच एका आकड्यापायी, 2020 पर्यंतच्या लिनक्समध्ये, पाचशेबारापट हमाली पडे, तीही ग्राहक उत्तराची वाट पाहत असताना. म्हणून रेडिसवालेच ही सोय बंद ठेवा म्हणतात. या सामाईक पानांच्या रिवाजात सुरक्षेची एक फट 2007 पासून पडून होती, ‘डर्टी काऊ’ नावाची; ती 2016 मध्ये बुजवली. नऊ वर्षे.

कर्नलच्या स्वतःच्या घरातला हिशेब सहाव्या प्रकरणात आहे, आणि माझ्या मते पुस्तकातला सर्वांत रसाळ भाग तोच. 32 बिटी यंत्रात 4 जीबी पत्त्यांपैकी 3 प्रोग्रामला आणि 1 कर्नलला अशी वाटणी असे. त्या 1 जीबीतले 128 एमबी इतर सोयींना बाजूला ठेवल्यावर कर्नलला कायमची दिसणारी मेमरी उरे 896 एमबी. म्हणजे तुम्ही हौसेने पूर्ण 1 जीबी रॅम घातलीत की वरचा तुकडा कर्नलला दिसतच नसे! तिथले पान हवे असेल तर ‘केमॅप’ करून तात्पुरते नकाशात आणायचे, काम झाले की सोडायचे. अशा जागा मोजक्या, 1,024 किंवा 512. धर्मशाळेसारखा प्रकार: सगळ्या खोल्या एकदा फिरून झाल्या की साफसफाई, आणि साफसफाई म्हणजे सगळ्या कोअरवरचे टीएलबी पुसणे. त्यावर उतारा म्हणून प्रत्येक कोअरला स्वतःच्या दोन-चार खोल्या दिल्या. साफसफाई घरच्या घरी, पण अट अशी की खोलीत असताना झोपायचे नाही, कारण उठाल तेव्हा कदाचित दुसऱ्या कोअरवर असाल. 2021 मध्ये ही अट सैल करणारी तिसरी रीत आली. तोवर बहुतेक यंत्रे 64 बिटी झाली होती. तिथे सगळीच मेमरी कर्नलला कायम दिसते आणि केमॅपला काही कामच उरत नाही. तरी कोडमध्ये ते नाव आहे. मिरजेच्या फलाटावर बदलायला गाडीच नाही, आणि अजून ‘गाडी बदला’ अशी पाटी असावी, तसे.

भाषेबद्दल थोडे. मी ‘पृष्ठ’, ‘स्मृती-प्रतिचित्रण’, ‘पृष्ठदोष’ असे लिहून पाहिले आणि स्वतःच अडखळलो. आमच्या वर्गात, ऑफिसात, चहाच्या टपरीवर मराठी माणूस पेज फॉल्टच म्हणतो. ‘मॅपिंग’साठी मात्र ‘नकाशा’ हा शब्द जागोजागी वापरला आहे, कारण त्याने अर्थ उलगडतो. मराठी लेखक या विषयात नवखे नाहीत. आयआयटी मुंबईचे धनंजय ढमढेरे आणि अच्युत गोडबोले या दोघांचीही ऑपरेटिंग सिस्टिमवरची इंग्रजी पाठ्यपुस्तके देशभर वापरली गेली. मराठीत गोष्ट सांगितली की इंग्रजी पुस्तक सोपे जाते, एवढाच माझा अनुभव. बेळगावात सुटीतल्या शनिवारी घेतलेल्या वर्गांत अर्धी मुले घरी मराठी बोलणारी, उरलेली कानडी आणि कोकणी. प्रश्न तिन्ही भाषांतून आले, आणि तिकीट खिडकीचा दाखला सगळ्यांना एकदमच कळला. फक्त एका मुलीने विचारले, “सर, आता भाडं पाठ कोण करतं? मोबाइलवर दिसतं की.” मी म्हटले, मोबाइलच्या आतही एक बाबू बसला आहे.

पुस्तक वाचताना संगणक समोर ठेवा. साधा लॅपटॉप चालेल, त्यावर लिनक्स हवे. क्लाउडवरचे भाड्याचे यंत्र सुरुवातीला नको. तिथे नकाशाच्या खाली आणखी एक नकाशा असतो, आणि एका पत्त्याच्या भाषांतराला चारऐवजी चोवीसपर्यंत फेऱ्या पडू शकतात. आकडे कशाने हलले ते नवशिक्याला उमगत नाही. पहिल्या प्रयोगात एकच मोठी फाइल घ्यायची आहे, मेमरीत सहज मावेल अशी. ती आधी 1 एमबीच्या बफरने रीड करून सगळे बाइट मोजा, मग एममॅप करून मोजा. दोन्ही कामे दोन-दोनदा चालवा, कारण पहिल्या खेपेला डिस्क बोलते आणि दुसऱ्या खेपेला मेमरी. दर खेपेला ‘पर्फ’ या मोजणीच्या साधनाकडून पेज फॉल्ट किती झाले आणि टीएलबी किती वेळा चुकला ते विचारा. नंतर फाइल तीच ठेवून क्रम मोडा: मनाला येईल त्या जागेवरून दहा लाख वेळा एकेक शब्द उचला, दोन्ही रीतींनी. सगळ्याच खेपांचे आकडे वहीत लिहून ठेवा, खाडाखोड न करता. तिसऱ्या प्रकरणात ते लागतील.

लोंढा, ज्येष्ठ अखेर